किल्ली माझ्याकडे, राजवाडा डोंगरावर

जोडीने फिरायला गेल्यावर टॅक्सी घ्यायची की स्कूटर, हा प्रश्न वरवर पैशांचा वाटतो. पण त्यात स्वभावाचा भाग जास्त असतो. टॅक्सीत दोघंही पाहुणे. स्कूटरवर मात्र एकाच्या हातात हँडल असतं आणि दुसऱ्याला पुढच्याच्या पाठीवर विश्वास टाकून बसावं लागतं. लग्नाला वर्षही झालेलं नसेल तर ही परीक्षाच असते!

आमच्या घरी कायम मागे बसणारा माझा नवरा आहे. मी कॉलेजपासून इंदूरच्या गर्दीत स्कूटर चालवते. त्याच्याकडे फक्त कारचं लायसन्स आहे. त्यामुळे थायलंडमधल्या चियांग माईला जायचं ठरलं तेव्हा दुचाकीचा इंटरनॅशनल परमिट माझ्याच नावावर निघाला. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, “डोंगरात पण तूच चालवणार?” नवरा म्हणाला, “आई, मी चालवली तर जास्त काळजी कर.”

थायलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बँकॉक आणि समुद्रकिनारे येतात. चियांग माई मात्र उत्तरेकडचं डोंगरातलं शहर. 1296 साली राजा मंगराय याने ते वसवलं. जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक आजही पाण्याने भरलेला दिसतो. शहराच्या पश्चिमेला ‘डोई सुथेप’ उभा आहे. ‘डोई’ म्हणजे तिकडच्या बोलीत डोंगर. आपल्या मराठी डोईशी या शब्दाचं नातं नाही, पण शहराच्या डोक्यावर बसलेला हा डोंगर पाहिला की नाव लगेच लक्षात राहतं.

याच डोंगरावर, साधारण 1400 मीटर उंचीवर, भूबिंग राजवाडा आहे. थायलंडच्या राजघराण्याचं हे थंडीतलं निवासस्थान 1961 साली बांधलं गेलं. तोपर्यंत परदेशी पाहुण्यांची राजेशाही सरबराई बँकॉकमध्येच व्हायची. 1962 च्या जानेवारीत डेन्मार्कचे राजे फ्रेडरिक नववे आणि राणी इंग्रिड हे इथले पहिले शाही पाहुणे ठरले.

आम्ही डिसेंबरमधल्या एका सकाळी निघालो. दुकानदाराने किल्ली सवयीने नवऱ्यापुढे धरली. त्याने ती तशीच माझ्या हातात दिली. दुकानदार हसला आणि छोटं हेल्मेट बदलून मला दुसरं दिलं.

थायलंडमध्ये आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागला नाही. निघण्याआधी आम्ही खुणा ठरवल्या. खांद्यावर एक टिचकी म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेटमधून ओरडून बोललेलं अर्धं ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं अर्धं भांडणासारखं वाटतं!

पायथ्याशी क्रूबा श्रीविचय या बौद्ध भिक्षूंचा पुतळा आहे. घाट चढण्याआधी स्थानिक लोक तिथे थांबून हात जोडतात, फुलं वाहतात. पूर्वी वरच्या देवळापर्यंत जंगलातून पायीच जावं लागे. 1934 च्या नोव्हेंबरमध्ये या भिक्षूंच्या पुढाकाराने रस्त्याचं काम सुरू झालं. हजारो लोक कुदळ-फावडी घेऊन आले, श्रमदान केलं, आणि 1935 च्या एप्रिलअखेर देवळापर्यंतचा रस्ता तयार झाला. तो खोदणारे हात गावकऱ्यांचे होते, हे कळल्यावर मीही तिथे मनापासून हात जोडले.

चढ सुरू झाला आणि वळणं एकामागून एक येऊ लागली. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला गेला असाल तर अंदाज येईल. बाजूने प्रवाशांनी भरलेल्या लाल गाड्या सुसाट वर जात होत्या. एका वळणावर अशीच गाडी अगदी जवळून गेली आणि माझ्या खांद्यावर दोन टिचक्या पडल्या.

पुढे मोकळी जागा पाहून मी थांबले. नवऱ्याने हेल्मेट काढलं. “मला भीती वाटतेय. तुझ्या चालवण्याची नाही, बाजूच्या दरीची,” तो म्हणाला.

लग्न ठरल्यापासून हा माणूस मला कधी “भीती वाटते” असं म्हणाला नव्हता. माझ्या तोंडावर “अरे, काही होत नाही” आलं होतं, पण मी गिळलं. भीती वाटणाऱ्याला ‘काही होत नाही’ सांगून काहीच होत नाही. आम्ही दहा मिनिटं बसलो, पाणी प्यायलो, खाली पसरलेलं शहर पाहिलं. मग ठरलं, की मागून गाडी आली तर तिला आधी जाऊ द्यायचं आणि त्याने दरीकडे न बघता माझ्या खांद्यावरून पुढच्या रस्त्याकडे बघायचं. त्यानंतर खांद्यावर टिचक्या पडल्या, पण फक्त एकेक.

वाटेत डोई सुथेपचं सोनेरी स्तूपाचं देऊळ लागतं. दोन्ही बाजूंना नागांचे लांबलचक कठडे असलेल्या तीनशेहून जास्त पायऱ्या चढून वर जायचं. तिथून राजवाडा आणखी चारेक किलोमीटर.

राजवाड्याच्या दारात कपड्यांचा नियम आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. माझा कुर्ता पास झाला, नवऱ्याची हाफ पँट नापास! शेवटी भाड्याने घेतलेल्या ढगळ विजारीत त्याने शाही उद्यानात प्रवेश केला.

राजवाडा आतून पाहता येत नाही. पण बागा पाहताना ते विसरायला होतं. खाली शहरात घाम येत होता आणि इथे स्वेटर घालावा लागला. या गारव्यामुळेच सपाटीवर न फुलणारे गुलाब इथे तळहाताएवढे होतात. मोठ्या बांबूंची बेटं आहेत, नेच्यांनी भरलेले कोपरे आहेत आणि एक मोठा जलाशय आहे, ज्याची कारंजी उडत असतात. इथे आमच्या भूमिका बदलल्या. सासूबाईंच्या गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या आहेत, त्यामुळे कलम, छाटणी, खत याबद्दल नवरा बोलत होता आणि मी मागून चालत ऐकत होते.

या राजवाड्याची मला सर्वात आवडलेली गोष्ट बागेच्या कुंपणाबाहेरची आहे. जवळच्या डोई पुई भागात ह्मोंग या डोंगरी जमातीची वस्ती आहे. तेव्हा हे लोक अफू पिकवायचे. इथे मुक्कामाला आलेले राजे भूमिबोल त्यांच्याकडे गेले. त्यांना समजलं, की स्थानिक पीचची फळं विकूनही अफूच्या तोडीचे पैसे मिळतात. मग फळाची जात सुधारली तर? या विचारातून 1969 साली ‘रॉयल प्रोजेक्ट’ सुरू झाला. डोंगरातल्या शेतकऱ्यांना अफूऐवजी थंड हवेतली फळं, भाज्या आणि फुलं पिकवायला मदत मिळू लागली. 1988 साली या कामाला रॅमन मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

तुम्ही जाणार असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. राजघराण्याच्या मुक्कामामुळे साधारण जानेवारी ते मार्च या काळात राजवाडा पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून आधी चौकशी करा. तिकीट खिडकी दुपारीच बंद होते, तेव्हा सकाळी लवकर निघा. इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओकडून मिळतो आणि त्यावर दुचाकीची नोंद हवीच. योग्य लायसन्स नसताना अपघात झाला तर प्रवास विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. स्कूटर घेताना तिचे ब्रेक आणि टायर तपासा, जुन्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि मूळ पासपोर्ट अनामत म्हणून देऊ नका. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, ते तापतात. वेग आधीच कमी ठेवा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा. घाट नको वाटत असेल तर लाल गाड्या आहेतच. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि स्कूटरच घेतली, तर गाडी चालवणाऱ्याने मागे बसलेल्याचं ऐकायचं, एवढा एक नियम पाळा. रस्ता दोघांनाही दिसतो, दरी मात्र मागच्याला जास्त दिसते.