सटवाईचा कोरा कागद

आमच्या घरांत मूल जन्मले की पाचव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात आणि जवळ एक कोरा कागद व लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहून जाते, असा समज आहे. आम्ही पडलो मास्तर. तेव्हा गल्लीतील निम्मी घरे तो कागद व लेखणी आमच्याकडूनच मागून नेतात. सकाळी पाहावे तो कागद जसाच्या तसा! इतक्या वर्षांत त्यावर एक वेलांटीदेखील उमटलेली आमच्या पाहण्यात नाही. तरीपण मूल दगावले म्हणजे घरचे लोक म्हणतात, "सटवीने लिहिलेच तेवढे होते." आणि तेथे सारी चौकशी संपते.

म्हाताऱ्या माणसांची पूजा मोडण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. पूजेला एक नारळ नि मूठभर तांदूळ लागतात. त्यात कोणाचे घर बुडत नाही. बुडते ते त्या एका वाक्याने. मूल गेले ते कशाने गेले, आईच्या पोटात असताना तिला काय मिळाले, पहिल्या दिवशी बाळाच्या तोंडात काय पडले, हगवण लागली तेव्हा कोणी काय केले, हे विचारावयाचे राहून जाते, आणि पुढचे मूल त्याच वाटेने जाते. वाचकहो, बाळाचे नशीब पाचव्या रात्री लिहिले जात नाही. गर्भाचे सुमारे 270 दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षे, मिळून 1000 दिवस ते रोज थोडे थोडे लिहिले जाते. आणि लिहिणारे हात तुमच्या-आमच्या घरचेच असतात.

कोणी म्हणेल, पूर्वी तसे होते. आता दवाखाने झाले. खरे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर शंभरांतील सुमारे 95 बाळंतपणे दवाखान्यात होतात. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच पाहणीत असेही दिसले की पाच वर्षांखालील दर शंभर मुलांत सुमारे 35 मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. म्हणजे मूल दवाखान्यात जन्मते आणि घरी येऊन खुरटते! दवाखान्याकडे बोट दाखवण्याची सोय आता पुष्कळ कमी झाली आहे.

शेतकऱ्याला गाई-म्हशीचे जितके कळते तितके कोणाला कळत नाही. म्हैस गाभण असली की तिला पेंड-सरकी वाढवतो, हिरवा चारा आधी तिच्यापुढे टाकतो. व्याल्यावर वासराला पहिला चीक पाजतो, कारण चीक न मिळालेले वासरू जगत नाही हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. उरलेल्या चिकाचा खरवस होतो, आणि तो आपण शेजारीपाजारी वाटून मिटक्या मारीत खातो. आणि त्याच घरात सून बाळंत झाली म्हणजे तिचा चीक पिवळा, घट्ट, बाळाला बाधतो म्हणून पिळून टाकतात! बाळाला काय, तर मधाचे बोट आणि सहाणेवर उगाळलेली गुटी. वासराला जे कळते ते आम्हांला कळू नये? तो पिवळा चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला छातीशी लावावे, आणि सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये. पाणीही नाही, गुटीही नाही. डॉक्टरांनी औषध दिले तर तेवढे पाजावे. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यापासून लहान मुलांस क्वचित जीवघेणा विषार होतो.

ही झाली बाळाची गोष्ट. परंतु दूध आटले म्हणून ओरडणाऱ्या घरांनी आईच्या ताटात कधी डोकावून पाहिले आहे काय? धनी जेवले, मुले जेवली, सासूबाई जेवल्या. मग उरलेली भाकर आणि कोरड्यासाचे पाणी तिच्या वाट्याला. पोटुशी बाई दोन जिवांची म्हणावयाची आणि वाढताना मात्र अर्ध्या जिवाचे वाढावयाचे! पोटभर खाल्ले तर गर्भाला जागा राहत नाही, असे काही ठिकाणी सांगतात. गर्भ पोटातल्या अन्नाशेजारी राहत नाही. त्याची पिशवी निराळी असते. बाईचे रक्त पांढरे पडले म्हणजे बाळंतपणात थोड्या रक्तस्रावानेही तिचा जीव जातो, आणि मूल वजनाला हलके येते. अडीच किलोच्या आतले मूल थंडीला, दम्याला, हगवणीला लवकर बळी पडते. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात: गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस, रोज एक. त्या आमच्या बायका आणतात आणि फडताळात ठेवतात, कारण मळमळते, शौचास काळे होते. काळे होण्यात भय नाही. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर मुळीच नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही.

येथे मशेरीबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या बाया सकाळी चुलीपुढे बसून तासभर मशेरी लावतात, आणि गरोदरपणी तर भूक मारावयास ती अधिकच लागते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचे विष रक्तातून थेट गर्भास पोचते आणि मूल हलके भरते. नवऱ्याने ओठांत चिमूट धरून बायकोला मशेरी सोड म्हणावे, तर ती का ऐकेल? दोघांनी मिळून सोडावी.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस आरोग्यशास्त्राचा विषय होता व त्यात गुणही चांगले पडले होते. सतरा वर्षांपूर्वी आमची थोरली मुलगी आठ महिन्यांची असता भाद्रपदात तिला हगवण लागली. घरची वडील माणसे म्हणाली, दात येताहेत, होऊ द्या; दूध-पाणी बंद करा म्हणजे आपोआप थांबेल. आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. तिसऱ्या दिवशी तालुक्याला निघालो, पण वाटेतच पोर गेली. जलसंजीवनीच्या पुड्या त्याच वेळी आमच्या शाळेच्या कपाटात होत्या. किल्ली आमच्या खिशात होती. तिच्या पाचवीचा कोरा कागद अजून आमच्या पेटीत आहे. आम्ही दुसऱ्यांस शिकवण्याच्या अधिकाराने हे लिहीत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

हगवणीने मूल मरते ते अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने. म्हणून जितके जाते तितके भरून काढणे हाच उपाय. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालात आले व बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यावयाच्या सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या नातलगांच्या हातून पेल्यापेल्याने पाजविले. जेथे शंभरांत तीसच्या आसपास माणसे मरत होती तेथे मरणाऱ्यांची संख्या चारच्याही खाली आली. हे काम कोणी केले? आई-बापांनी आणि भावा-बहिणींनी. पुडी मिळेल तर पुडी सांगितल्याप्रमाणे पाण्यात कालवावी. न मिळेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा व मिठाचा अर्धा, असे चहाचे सपाट चमचे घालावेत. मीठ जास्त पडू देऊ नये. प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने पाजावे, आणि आईचे दूध व जेवण चालूच ठेवावे. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या आणून चौदा दिवस द्याव्यात. शौचास रक्त दिसले, मूल पेंगुळले किंवा पाणी पोटात ठरेना, तर मात्र वाट पाहू नये. 108 वर फोन करावा.

आशाताईंचे नाव निघाले म्हणून सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच थोड्या शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळाचे श्वास मोजणे, त्याला उबेत ठेवणे, आजार ओळखून औषध देणे शिकविले. 39 गावांत हे काम चालले, आणि तान्ह्या बाळांचे मरण निम्म्याहून खाली आले. हे 1999 साली जगापुढे छापून आले. त्याच धर्तीवर आज आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला 42 दिवसांत सहा वेळा पाहावयास येतात. आणि आम्ही त्यांना कोठे उभे करतो? उंबऱ्याबाहेर! का, तर घरात सुवेर आहे. आणि ती बाई खालच्या आळीची असली म्हणजे तर सुवेर फिटल्यावरही ती उंबऱ्याबाहेरच. भटांनी आम्हांस शूद्र म्हटले म्हणून आम्ही दीडशे वर्षे तक्रार करीत आलो. आणि बाळाचे श्वास मोजावयास आलेल्या बाईला आम्ही बाजेला हात लावू देत नाही! बाळ अंगावर ओढत नसेल, त्याचे हातपाय गार पडले असतील, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक चालत असतील, तर ते आधी तिला दिसणार आहे. तिला आत घ्यावे. आणि बाजेखालची धुराची शेगडी बाहेर काढावी. ऊब पाहिजे, धूर नको. हलक्या वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी कातड्याला कातडी लावून धरणे ही सर्वांत चांगली ऊब, आणि ती बापालाही देता येते.

सहा महिन्यांनंतर उष्टावण करतात, पण पुढे मुलाला काय घालतात? वरणाचे वरचे पाणी, नाहीतर चहात बुडविलेले बिस्कीट. पाण्याने पोट फुगते, अंग भरत नाही. भात-वरण, खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुसकरलेली भाकरी-भाजी, अंडे, काहीही असो, ते चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे व त्यावर चमचाभर तेल-तूप असावे. पाच रुपयांची खारट पाकिटे घरी आणणे म्हणजे भूक विकत घेऊन मारणे होय.

खर्चाला पैसे नाहीत असे म्हणाल, तर 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून प्रत्येक प्रसंगी दक्षिणा कशी उकळली जाते ते मांडले आहे. भटजीची दक्षिणा आता पुष्कळ ठिकाणी आटली. पण तिच्या जागी मांडववाला आला, गाणी वाजविणारा आला, बाळाच्या फोटोचा चौकातला फलक आला. बारशास कर्ज काढतो आणि बाळंतिणीस रोजचे एक अंडे जड जाते! पंधराव्या दिवशी तिला खुरपणीस लावतो. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवा म्हटले तर सारा भार पुन्हा तिच्यावरच. त्याच पाहणीत महाराष्ट्रात शंभर विवाहित बायांत सुमारे 49 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांची शंभरांत एकदेखील नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते, पोट उघडावे लागत नाही, आणि औत धरण्याची ताकद कमी होत नाही. बैलाची उपमा देऊन जे पारावर हसतात त्यांनी हे एकदा डॉक्टरांस विचारून पाहावे.

येत्या अमावास्येस औते सुटलेली असतात. त्या सकाळी आमच्या शाळेच्या ओसरीवर अंगणवाडीचा वजनकाटा आणून ठेवणार आहोत. दोन वर्षांखालील सर्व मुले, कोणत्याही आळीची असोत, एकाच काट्यावर वजन होतील. प्रत्येकाने आपला तांब्या व चहाचा चमचा आणावा, मीठ-साखर आम्ही ठेवू आणि पाणी कालवून दाखवू. सासूबाईंनी पुढे बसावे. बापांस मागे खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा नाही. मूल त्यांनीच कडेवर घेऊन यावे.