आजीला काय आवडायचं?

अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये मुलं दुसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही त्यांत असतात. नोव्हेंबर उजाडला की एखादा चिरंजीव रंगीबेरंगी कागदी कवटी नाचवत घरी येतो. आई दचकून विचारते, ‘‘हे काय रे?’’

‘‘स्पॅनिशच्या तासाला केलं. मेक्सिकोचा हॅलोविन!’’

इथेच घोटाळा होतो. हा सण हॅलोविन नव्हे. त्याचं नाव ‘दिआ दे मुएर्तोस’, म्हणजे मृतांचा दिवस. १ आणि २ नोव्हेंबरला घरातली गेलेली माणसं भेटीला येतात, अशी मेक्सिकोत श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी घरात ‘ओफ्रेंदा’ मांडतात. तीवर फोटो, मेणबत्त्या, पाणी, गोड पाव आणि त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ ठेवतात. सभोवती झेंडूची फुलं असतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच! २००८ साली युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. यात घाबरवणं नाही, स्वागत आहे.

सण शिकवायचा म्हणजे कागद कापायचे, पिन्याता फोडायची आणि खाऊ खायचा, असा पुष्कळ वर्गांत समज असतो. तास मजेत जातो, पण भाषा किती येते? गैरसमज मात्र पक्के होतात. ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, हा त्यांतलाच एक. खरं तर ५ मे १८६२ ला प्वेब्ला इथे मेक्सिकोच्या सैन्याने फ्रेंचांना हरवलं, त्याची ती आठवण. स्वातंत्र्यदिन असतो १६ सप्टेंबरला. शिवाय स्पॅनिश ही सुमारे २० देशांची राजभाषा. स्पेनमधली मुलं ६ जानेवारीला तीन राजांकडून येणाऱ्या भेटींची वाट पाहतात, कोलंबियात ७ डिसेंबरच्या रात्री घरोघरी मेणबत्त्या लावतात, तर अर्जेंटिनात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. मग या सगळ्यांचा मिळून एकच ‘स्पॅनिश सण’ कसा असेल?

त्यापेक्षा एका वेळी एक देश, एक सण घ्यावा आणि त्यातून एक वाक्य पक्कं करावं. ओफ्रेंदेपुढे उभं राहून मुलाने म्हणावं, ‘आ मि आबुएला ले गुस्ताबा एल काफे.’ माझ्या आजीला कॉफी आवडायची! इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ही रचना जड जाते. मराठी मुलाला मात्र ती घरचीच वाटते, कारण आपणही ‘आजीला आवडायची’ असंच म्हणतो. एकदा ‘आवडली’ आणि नेहमी ‘आवडायची’ यांतला फरक स्पॅनिशमध्येही आहे. तो फळ्यावरच्या तक्त्यापेक्षा आजीची आठवण सांगताना लवकर कळतो.

मात्र शिक्षकांनी एक पथ्य पाळायला हवं. वर्गात एखादं मूल असं असतं, की ज्याची आजी नुकतीच गेलेली असते. एखाद्याच्या घरच्या धर्मात हे बसत नाही. फोटो आणायची सक्ती कुणावरही नको. ज्याला नको असेल त्याने एखादा शास्त्रज्ञ निवडावा, नाहीतर घरातला लाडका, आता नसलेला कुत्रा. गुण भाषेला द्यायचे असतात, दुःखाला नाही. मेक्सिकन घरातल्या मुलालाही ‘सांग बरं, तुमच्याकडे कसं करतात?’ म्हणून सर्वांसमोर उभं करू नये. आधी एकट्याला विचारावं. कदाचित त्याच्या घरी हा सण होतही नसेल.

आणि आपण पालक? मूल कागदी कवटी घेऊन आलं, तर ‘छान’ म्हणून ती फ्रिजवर चिकटवून मोकळे होऊ नका. ‘ही कुणासाठी केलीस?’ असं विचारा. समुद्रापार वाढणाऱ्या मुलाने आजी-आजोबांना बहुधा फोनवरच पाहिलेलं असतं. वर्गात वाक्याची रचना त्याला येईल, पण आजीला काय आवडायचं ते त्याला कुणी सांगितलंच नसेल, तर रिकाम्या जागी तो काय भरणार? ते बाई शिकवू शकत नाहीत. ते आपणच सांगायला हवं.