भाचीची सुरत

सुरत म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला शिवाजी महाराज आठवतात. १६६४ आणि १६७० ही दोन सालं आमच्या पिढीनं शाळेत घोकून पाठ केलेली. आमच्या अक्काला मात्र सुरत म्हटल्यावर प्लेग आठवला. भाचीला तिथल्या एका कापडाच्या पेढीत हिशेबाच्या कामाची नोकरी लागली, त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला. "अरे, तिथं प्लेग झाला होता की रे! तोंडाला फडकी बांधून लोकं पळत होती, टीव्हीत बघितलंय मी."

ते १९९४ साल. पुढच्याच वर्षी एस. आर. राव नावाचे आयुक्त तिथल्या महापालिकेत आले आणि त्यांनी शहर धुऊन काढायला घेतलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीनं सुरतेचा पहिला नंबर आला. हे सगळं मी अक्काला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण खरी भीती प्लेगाची नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरासारखंच. वडील मराठी, आई अथणीकडची कन्नड. अक्काला गोकाकच्या बाजूला दिलं, तिथं घरात सगळं कन्नड. भाची सातवीपर्यंत कन्नड शाळेत, सुट्टीत आमच्याकडं मराठीत, आणि बी.कॉम. इंग्रजीत. तीन भाषा आल्या, पण पाहुणे आले की पोरगी आत चुलीजवळ. तिची अज्जी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आकी माताडूदिल्ल." ती बोलतच नाही. आम्ही इकडं मराठीत म्हणायचो, बुजरी आहे. दोन्ही भाषांत एकच शिक्का, आणि तो मारणारे सगळे तिच्यावर जीव लावणारे.

यात माझाही हात आहे, ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. ती आमच्याच कॉलेजात शिकत होती. स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनासाठी तिनं एकदा आपणहून नाव दिलं होतं. यादी माझ्याकडं होती. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "तुला जमणार नाही गं, उगीच घाबरशील," आणि दुसऱ्या मुलीचं नाव घातलं. मला वाटलं, मी तिला फजितीतून वाचवलं. ती "बरं मामा" म्हणाली. त्यानंतर तिनं कशातच नाव दिलं नाही, आणि मग आम्हीच म्हणायला मोकळे, बघा, बुजरीच आहे!

सुरतेच्या वेळीही मी फोनवर तेच बोललो. "अक्का, तिला विचार, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं होईल का? कोल्हापुरात काहीतरी बघूया की." फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. पलीकडून भाचीचाच आवाज आला, "मामा, मी जाऊन बघते. नाही जमलं तर येते परत."

ती गेली. डिसेंबरात मी तिला भेटायला निघालो. अक्कानं शेंगाची चटणी, करदंट आणि वाळलेल्या ज्वारीच्या भाकऱ्यांचा डबा दिला. बेंगळूरहून जोधपूरला जाणारी गाडी बेळगाव, मिरज, पुणे करत सुरतेवरून जाते, तिचं तिकीट काढलं. वाचायला कॉलेजच्या ग्रंथालयातून दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं आत्मचरित्र घेतलं. अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७ साली ते प्रसिद्ध केलं आहे. हे पुस्तक घ्यायचं कारण असं, की दादोबा सुरतेत राहिलेले होते.

मी वीस वर्षं वर्गात दादोबा सांगत आलोय. १८३६ साली मराठी भाषेचं व्याकरण लिहिलं, 'मराठीचे पाणिनी' म्हणतात, दोन मार्कांचं उत्तर, पुढं चला. हा माणूस १८४० नंतरची काही वर्षं सुरतेच्या इंग्रजी शाळेत मास्तर होता आणि तिथं त्यानं काय उद्योग केला, हे कधी एका वाक्यात सांगून पुढं गेलो असेन तर गेलो असेन.

तो उद्योग असा. मराठी घरातला माणूस, गाव गुजराती, शिकवायचं इंग्रजी. तिथं त्यांना दुर्गाराम मेहताजी नावाचे गुजराती शाळामास्तर भेटले. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी आणखी काही सोबत्यांसह सुरतेत 'मानवधर्म सभा' काढली. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांची स्थिती यांवर तिथं चर्चा व्हायची. पण मला सगळ्यांत आवडलं ते एक काम. गावातल्या मांत्रिकांना आणि जादूटोणावाल्यांना या मंडळींनी उघड आव्हान दिलं, की तुमच्या अंगात शक्ती आहे ना, मग या आणि चारचौघांत दाखवा.

त्या काळात मूठ मारली की माणूस मरतो, यावर लोकांचा पक्का विश्वास होता. अशा गावात 'भूत नसतं' असं व्याख्यान देऊन फारसं काही साधत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि रात्री पिंपळाखालून जाताना रामनाम घेतो. 'दाखवा' म्हटलं की मात्र प्रश्न वेगळा होतो. समजूत मनातून बाहेर चव्हाट्यावर येते आणि तिला परीक्षेला बसावं लागतं. दोन शाळामास्तरांना हे बरोबर सुचलं, याचं मास्तर म्हणून मला जरा बरंही वाटलं.

सुरतेला उतरल्यावर भाची स्टेशनवर न्यायला आली होती. तिनं रिक्षावाल्याशी घासाघीस सुरू केली. मी पिशवी धरून बघतच राहिलो. गुजराती मोडकीच होती, मधेच हिंदी, मधेच आपली मराठी. पण आवाज खणखणीत. वीस रुपये कमी करून घेतले आणि मला म्हणाली, "बस की मामा."

ती उधन्याकडं राहते. तिथं आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोलीत खानदेशची माणसं इतकी, की बसमध्ये कानावर अहिराणी पडते. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या आहेत. आपण इकडं दोन भाषांवरून हयात घालवतो! असो, तो विषय या सदराचा नाही.

रात्री भाकरी-चटणी खाताना मी विचारलं, "हे जमलं कसं गं?"

ती म्हणाली, पहिला महिना काहीच जमलं नाही. गुजराती वाचणं सोपं गेलं, डोक्यावरची रेघ काढली की निम्मी अक्षरं ओळखीची. वही केली, शब्द लिहिले, खोलीचं दार लावून मोठ्यानं म्हटले. पण ऑफिसात तोंड उघडेना. वही भरत गेली आणि भीती होती तेवढीच राहिली. मग एक दिवस उधारी वसुलीचे फोन करणारे काका आले नाहीत. शेठ म्हणाले, आज तू कर. नाही म्हणायलाही गुजराती लागणार, ती आली नाही, म्हणून फोन उचलला.

वहीतलं वाक्य होतं, 'बाकीना पैसा क्यारे मोकलशो?' म्हणजे बाकीचे पैसे केव्हा पाठवणार. "मामा, मोकलणे म्हटलं की मला आपलं धाय मोकलूनच आठवायचं. आणि ऐन वेळी 'क्यारे' जाऊन तोंडात 'यावाग' आलं. ते गिळलं, तर 'कधी' बाहेर पडलं. बाकीना पैसा कधी मोकलशो!" पलीकडचा व्यापारी हसला. म्हणाला, "कधी नहीं बेन, क्यारे." तिनं परत म्हटलं, क्यारे मोकलशो? तो म्हणाला, शुक्रवारे. चेक आला सोमवारी, पण आला. दुपारपर्यंत तिनं अकरा फोन केले.

"हसला तेव्हा काय वाटलं?"

"काय वाटायचं? हसला, आणि काही झालं नाही."

हे 'काही झालं नाही' माझ्या डोक्यात बसलं. तिच्या मनात लहानपणापासून एक भूत होतं. लोक हसतील. ते आम्हीच बसवलेलं. लोक खरंच हसले तर पुढं काय होतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, कारण आम्ही पाहू दिलं नव्हतं. आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली 'मला जमेल' हा विश्वास माणसात येतो कुठून, याची मांडणी केली. सगळ्यांत बळकट उगम म्हणजे स्वतः करून पाहिलेलं. आपल्यासारख्या कुणाला तरी करताना पाहणं त्याखालचं, आणि दुसऱ्यानं 'तुला जमेल हो' असं सांगणं त्याहूनही कमी ताकदीचं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हत्ती आणि दोरीची गोष्ट सांगून टाळ्या घेणारे वक्ते नेमके शेवटच्या गोष्टीवर भर देतात, म्हणून मला ते फारसे पटत नाहीत. शिवाय सगळ्याच अडचणी मनातल्या नसतात. भाचीच्या खोलीचं भाडं मनातलं नाही. पगारातून ते जाऊन उरतं किती, हा हिशेब ती दर महिन्याला करते. तो विचार बदलून सुटत नाही.

परतीच्या गाडीत दादोबांची पुढची कथा मनात घोळत होती. १८४६ मध्ये ते मुंबईला गेले. दुर्गारामही पुढं राजकोटला गेले. सुरतेची सभा मंदावली. मुंबईत १८४९ मध्ये दादोबांच्याच प्रेरणेनं 'परमहंस सभा' निघाली. विचार तेच, जातपात मोडायची. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! पण हे सगळं दाराआड. सभा गुप्त होती. सभासद पुष्कळ झाले की मग जाहीर करू, असा बेत. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. खुद्द दादोबांनी सुरतेत असताना लिहिलेलं 'धर्मविवेचन' पंचवीस वर्षांनी, १८६८ साली छापलं गेलं, तेही टोपणनावानं.

मांत्रिकांना चारचौघांत बोलावणारा हाच माणूस. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. जातीबाहेर टाकलं तर न्हावी, भटजी, मुलांची लग्नं सगळंच अडायचं. ते भूत नव्हतं, खरंच होतं. तरीही वाटतं, बंद दारामागं खाल्लेला पाव आणि बंद दारामागं म्हटलेली गुजराती यांत काहीतरी सारखं आहे. पुढं १८६७ मध्ये दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज काढला. तो उघड होता. रानडे, भांडारकर त्यात आले आणि तो टिकला.

निघायच्या आदल्या रात्री भाचीनं घारी आणून दिली होती, अज्जीसाठी वेगळा डबा. बांधताबांधता तिनं सहज विचारलं, "मामा, तू कन्नडात भाषण का देत नाहीस? घरात तर आईशी, अज्जीशी घडाघडा बोलतोस."

मी म्हणालो, घरचं वेगळं, व्यासपीठावरचं वेगळं. माझं कन्नड पुस्तकी नाही. व्याकरण चुकेल. मराठीचा प्राध्यापक, लोक काय म्हणतील?

ती काही बोलली नाही. डब्याला दोरी बांधत राहिली. मला मात्र स्नेहसंमेलनाची ती यादी आठवली. तिची मी माफी मागितली त्या रात्री. ती म्हणाली, "हुंदे की मामा, आता काय त्याचं."

आमच्या गावातल्या कन्नड वाचनालयाचे चिटणीस गेली आठ-नऊ वर्षं मला दर वर्षी बोलवतात, आणि मी दर वर्षी काहीतरी कारण काढतो. परत आल्यावर मीच त्यांना फोन केला. विषय ठरलाय, दादोबा आणि सुरत. भाषा कन्नड. पंचवीस मिनिटं.

पहिलं पान लिहून मी ते अज्जींना वाचून दाखवायला गोकाकला गेलो होतो. घारी खात खात त्यांनी ऐकलं. पहिल्या तीन वाक्यांत दोन चुका काढल्या, आणि एका शब्दाला इतक्या हसल्या की ठसका लागला. अक्का पाणी घेऊन धावली. मी तो शब्द पेन्सिलीनं खोडून पुढं वाचायला लागलो.