इंजिन कंपनीने बदललं तर मॉडेल, आपण बदललं तर गुन्हा

"स्वतःच्या गाडीचं इंजिन स्वतः बदलणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा" असं परवा ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर एकमताने ठरलं. ठरवणारे कोण? मोबाईल रूट करून भलतीच रॉम चढवणारे आणि वॉरंटी गेल्याचं अभिमानाने सांगणारे. मग मंडळी, गाडीनेच काय घोडं मारलंय?

आपल्याकडच्या स्पोर्ट्स कार बघा. १९९८ ची सॅन स्टॉर्म: बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती: इंजिन पुन्हा रेनॉचंच. त्याही आधी, १९८५ मध्ये, कुर्ल्याच्या प्रीमियरने फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचं इंजिन बसवलं आणि ११८ एनई म्हणून विकलं. लोकांनी रांगा लावून घेतली!

आपण तेच केलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. मूळ स्पेसिफिकेशन बदलायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ठणकावलं. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजी किट मात्र चालतं. मंजूर झालेलं बॅटरी किटही चालतं.

"पण सेफ्टीचं काय?" रास्त प्रश्न आहे. चेन-ब्लॉकने इंजिन उचलून बॉनेटखाली सोडणं हा सोपा भाग. माउंटिंग नव्याने वेल्ड करायची. गिअरबॉक्सला जुळणारी अडॅप्टर प्लेट बनवून घ्यायची, आणि ती केसभर जरी सेंटरबाहेर गेली तरी क्लच आणि बेअरिंगची वाट लागते. मग वायरिंग. ईसीयूला इमोबिलायझर सापडला नाही की गाडी ढिम्म हलत नाही (डिपेंडन्सी मिसिंग, आपलं ओळखीचं दुखणं :-)). आणि ताकद दुप्पट करून ब्रेक जुनेच ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणायला माझी हरकत नाही. रस्त्यावर इतरही माणसं असतात.

म्हणून तर तपासा ना! जर्मनीत ट्यूफचा इंजिनियर एकेक गाडी बघतो आणि बदल कागदावर चढवतो. आपल्या पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे. रविवारी सकाळी तुम्ही जिच्या टेकडीवर सूर्योदयाचे फोटो काढता, तीच. घसघशीत फी घ्या, ब्रेक, धूर, वेल्डिंग सगळं बघा, नापास करा. पण सामान्य माणसाला परवडेल अशी परीक्षा तरी ठेवा.

आणि हा श्रीमंतांचा चाळा आहे हे तर मला सांगूच नका. आमच्या झरीत, परभणी-जिंतूर रस्त्यावर, स्पोर्ट्स कार कोण घेऊन येणार? पण विहिरीवरचं ऑईल इंजिन खोलून रिंगा बदलणं किंवा जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणं यात कुणाला विशेष काही वाटायचं नाही. अमेरिकेत माझ्दा मियाटात व्ही-८ बसवणाऱ्याभोवती लोक गर्दी करतात. आमच्याकडच्या मिस्त्रीला आपण 'जुगाडू' म्हणून मोकळे होतो.

असो. नियम बदलेपर्यंत अशी गाडी ट्रेलरवर घालूनच ट्रॅकवर न्या, रस्त्यावर काढू नका. अपघात झालाच तर इन्शुरन्सचा सर्व्हेयर इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो, आणि मग क्लेम विसरा.