वाढत्या अंगाचा क्रेट
मंडळी, आपल्या रेडमंडच्या मेरीमूर पार्कात कुत्र्यांना मोकळं पळायला सुमारे ४० एकर जागा आहे, आणि घरी आणून पिंजऱ्यात कोंडायचं? भारतातून आलेले आजी-आजोबा हे हमखास विचारतात. पण क्रेट मापाचा असला की कुत्र्याला ती आपली खोलीच वाटते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप धरा, वर २ ते ४ इंच मिळवा. आत उभं राहता, वळता, पाय ताणून झोपता आलं की झालं. पिल्लासाठी मात्र आपली शाळेच्या गणवेशाची सवय नडते! क्रेट फार मोठा झाला, तर ते एका कोपऱ्यात शू करतं नि दुसऱ्यात खुशाल झोपतं. म्हणून मोठाच घ्यायचा तर मधे सरकती जाळी बसणारा घ्या. आणि दार लावण्याआधी गळपट्टा काढा. तो गजांत अडकून फास बसू शकतो.