खाद्याविना वाढणारी मासळी

देशातील जलाशयांचे क्षेत्र तीस लाख हेक्टरांच्या घरात आहे. त्यामानाने त्यांतून निघणारी मासळी फारच थोडी. ही तूट भरून काढण्यासाठी पिंजऱ्यातील मत्स्यपालनाला उत्तेजन देण्यात आले. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत त्यासाठी सर्वसाधारण लाभार्थ्यांना 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के साहाय्य मिळते. मात्र या पिंजऱ्यांत प्रामुख्याने पंगॅशियस वाढवला जातो, आणि तो विकतच्या खाद्यावर. उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग हे खाद्यच गिळते. ज्याच्या हाती खेळते भांडवल नाही, त्या धरणग्रस्ताला अनुदानातून मिळालेला पिंजरा काय कामाचा?

शेजारच्या नेपाळमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. पोखराच्या फेवा, बेगनास आणि रूपा तलावांत 1970च्या दशकापासून चंदेरा आणि बिगहेड हे मासे पिंजऱ्यात वाढवले जातात, तेही खाद्य न देता. जाळीतून वाहणाऱ्या पाण्यातील प्लवक गाळून ते जगतात. भूमिहीन जलारी मच्छीमारांना त्यातून उपजीविका मिळाली. पुढे कुलेखानी धरणाच्या विस्थापितांनीही हीच वाट धरली. खाद्य पाण्यात पडत नसल्याने त्यातून होणारे प्रदूषण टळते. उलट मासळीबरोबर पाण्यातील नत्र व स्फुरद काही अंशी बाहेर निघते.

अर्थात, ही किमया सर्वत्र साधणार नाही. प्लवक विरळ असलेल्या स्वच्छ पाण्यात मासा खुरटतो. बोटुकली विरळ सोडावी लागते आणि वाढीला वेळ लागतो. शिवाय चंदेरा परदेशी आहे. 1971 मध्ये पुरामुळे तो हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात शिरला आणि पुढे तेथील कटल्याला मागे सारून बसला. म्हणून नेपाळचा मासा नव्हे, त्यामागचे तत्त्व उचलावे. आपला कटलाही प्लवकभक्षीच आहे. प्लवकसमृद्ध जलाशय निवडून, तेथे कटल्याचे खाद्यविरहित पिंजरे मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत आधी प्रयोगादाखल चालवावेत.

उत्पादनाचे आकडे यामुळे एकदम फुगणार नाहीत. परंतु मत्स्यधोरणाचे यश केवळ टनांत मोजायचे, की धरणासाठी ज्यांनी जमीन दिली त्यांच्या पदरात काय पडले यावरूनही, हे सरकारने एकदा ठरवले पाहिजे.