घरगुती विचार : गिनीपिगचे अंथरूण

गेल्या श्रावणात आमच्या नेरच्या घरी, माजघरात, एक कौटुंबिक न्यायसभा भरली होती. आरोपी म्हणजे वीतभर लांबीची, बदामी रंगाची, बर्फी नावाची एक गिनीपिग मादी. फिर्यादी आमच्या मातोश्री. फिर्याद अशी की, या प्राण्याच्या पिंजऱ्याची दुर्गंधी ओटीवरून माजघरात व पाऊस लागल्यापासून देवघरापर्यंत पोहोचते. त्यांस दम्याचा विकार असल्यामुळे पहाटे जपास बसले की घसा धरतो. तरी हे जनावर ज्या दुकानातून आणले तेथे परत पोहोचवावे. आरोपीचे वकीलपत्र आमच्या दहा वर्षांच्या धाकट्या पुतण्याने घेतले होते, आणि त्याच्यापाशी अश्रूंखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

त्या अश्रूंचे एक कारण आणखीही होते. दिवाळीत नागपुराहून आणल्या त्या मादी दोन होत्या. दुसरी, मुगी, आठच दिवसांपूर्वी गेली होती; आणि ती आमच्या हातून गेली, असे म्हणण्यावाचून आम्हांस गत्यंतर नाही. ती हकीकत सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

आमचा मुलूख कापूस, तूर आणि सोयाबीन यांचा. शेतातून कुटार येते, तेव्हा प्रारंभी आम्ही पिंजऱ्यात सोयाबीनचे कुटारच पसरले. ते टोचरे, धुळीचे, आणि ओल लागताच बुरसणारे. मग आरागिरणीतून सागवानी भुसा आणला. तो मऊ दिसला, पण पिठाइतका बारीक. जनावर चालू लागले की धुरळा उडे व ती दोघी शिंकत. हिवाळा-उन्हाळा असा निभावला. मृगाचा पाऊस लागला आणि भुसा वाळेना, तेव्हा दर्प सुटला. वास येतो म्हटल्यावर तो झाकावा, ही बुद्धी आम्हां सर्वांस एकदमच झाली. कोणी उदबत्ती लावली, कोणी फिनाईलने फरशी पुसली, आणि शेवटी कपाटातील डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून पिंजऱ्याच्या कोपऱ्यास टांगल्या गेल्या. त्या कोणी टांगल्या हे येथे सांगण्याचे कारण नाही. आम्ही पाहिल्या आणि काढल्या नाहीत, एवढे पुरे. चौथ्या दिवशी मुगीने खाणे सोडले. श्वास घेताना तिची कूस खालीवर होई. पशुवैद्यांनी तपासून फुप्फुसांस सूज असल्याचे सांगितले, औषध दिले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती थंड पडलेली आढळली. नेमके कशाने गेली, हे छातीस हात लावून कोणी सांगू शकणार नाही. परंतु अमोनियाच्या वाफेने नाकाघशाची त्वचा दुखावली की फुप्फुसांचा रोग सहज जडतो, आणि डांबराच्या गोळीतील नॅफ्थॅलीनने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, ही दोन्ही शास्त्रसिद्ध सत्ये आहेत. तान्ह्या मुलाच्या कपड्यांतही या गोळ्या ठेवू नयेत असे डॉक्टर बजावतात, ते याच कारणास्तव. जाता जाता हेही सांगून ठेवतो, की असा प्राणी आजारी पडल्यास घरातल्या मुलाचे उरलेले औषध त्यास कदापि देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीची औषधे गिनीपिगच्या आतड्यांतील उपकारक जंतू मारतात व त्यामुळे प्राणी दगावतो.

न्यायसभेकडे पुन्हा वळू. फिर्याद ऐकून झाल्यावर मातोश्री स्वतः पिंजऱ्यापाशी गेल्या. त्यांनी नाकास पदर लावला नाही. उलट ओणवे होऊन, भुशात बोटे घालून पाहिली. मग आम्हांकडे वळून म्हणाल्या, "अरे, हे खाली सगळे ओले आहे. बाळोत्यावर अत्तर शिंपडल्याने बाळ कोरडे होते का?"

सहा मुलांची बाळोती धुतलेल्या बाईचे हे निदान होते, आणि रसायनशास्त्राचे पुस्तक उघडून पाहिल्यावर त्यातही तेच सापडले. ताज्या मूत्रास फारसा दर्प नसतो. त्यातील युरिया या द्रव्याचे जंतूंच्या योगाने विघटन होऊ लागले म्हणजे अमोनिया वायू सुटतो. आणि या क्रियेस ओल, ऊब व अवधी ही तिन्ही लागतात. श्रावणात आमच्या भुशात तिन्ही विपुल होती. अमोनियाचा मारा अंथरुणालगत सर्वांत तीव्र असतो. गिनीपिगचे नाक जमिनीपासून दोन-तीन बोटांवर. आपण उभे राहून "आज वास नाही" म्हणतो, तेव्हा ते बिचारे त्यातच बसलेले असते. तेव्हा परीक्षा करावयाची तर पहाटे, खिडक्या उघडण्यापूर्वी, गुडघे टेकून व नाक पिंजऱ्याच्या तळाशी नेऊन करावी. आमच्या घरी हा नियम आता कायमचा झाला आहे.

वस्तुतः हा प्राणी घाणेरडा नव्हे. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश. पेरू, बोलिव्हिया येथील शेतकरी त्यास हजारो वर्षे घरात बाळगीत आले असून, अनेक घरांत तो स्वयंपाकघरातच वावरतो. (कशासाठी बाळगतात, हे मातोश्रींस आम्ही अद्याप सांगितलेले नाही.) महाराष्ट्रावर तर त्याचे ऋण आहे. 1905 साली नेमलेल्या प्लेग कमिशनने मुंबईत, प्लेगने माणसे दगावलेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले, त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या उंदरांच्या पिसवा मोजल्या, आणि त्यांतील काही गिनीपिग प्लेगने मेलेले पाहिले. उंदरापासून माणसापर्यंत प्लेग पिसू आणते, हे सिद्ध करण्याच्या कामी या मुक्या जिवांचे बळी पडले. ज्या परळच्या प्रयोगशाळेत हे कार्य चालले, तिला 1925 पासून हाफकिन यांचे नाव आहे.

असो. निकाल असा लागला, की बर्फीस एक महिन्याची मुदत द्यावी; तेवढ्यात दर्प गेला नाही तर तिने जावे.

पुण्यास असलेल्या आमच्या थोरल्या पुतणीने फ्लीसची दोन पांघरुणे पाठविली व ती पिंजऱ्यात अंथरण्यास सांगितले. फ्लीस या शब्दाचा मूळ अर्थ मेंढीची लोकर. परंतु बाजारातील फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याचे, दोन्ही बाजूंनी लव काढलेले मऊ कापड. आम्ही ते मोठ्या उत्साहाने अंथरले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो मूत्राची थारोळी वर तशीच साचलेली, बर्फीचे पोट भिजलेले, आणि दर्प पूर्वीपेक्षा दुप्पट. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे तर रेनकोट अंथरल्यासारखे झाले!" त्यांचे म्हणणे खरे होते. नव्या फ्लीसवर कारखान्यातील जो हात फिरविलेला असतो, त्यामुळे ते पाणी आत घेत नाही. गरम पाण्यात, साध्या साबणपुडीने, तीन-चार वेळा धुऊन वाळविल्यावर तो हात निघून जातो. धुतलेल्या फ्लीसवर चमचाभर पाणी ओतून पाहावे. ते थेंब होऊन न राहता काही क्षणांत खाली उतरले, म्हणजे कापड तयार झाले असे समजावे.

मात्र फ्लीस स्वतः ओल शोषीत नाही, ती केवळ खाली उतरू देते, ही गोष्ट नीट ध्यानात धरली पाहिजे. ज्यांना फ्लीस फसले, त्यांचे बहुधा येथेच चुकले असते. शोषण्याचे काम खालच्या थराचे, आणि त्या कामी आपल्या कापसाची बरोबरी कोण करील? मातोश्रींनी प्रथम जुनी गोधडी घालण्यास सुचविले. ती शोषी उत्तम, पण पावसाळ्यात दोन दिवस वाळेना. मग त्यांनीच तोड काढली : जाड एक थर नको, पातळ चार असावेत. जुने पंचे, विरलेली टॉवेले, सुती धोतराच्या चौपदरी घड्या. वेगवेगळे वाळत घातले की दिवसात कोरडे. सर्वांत खाली मेणकापड, मग पंचे, वर फ्लीस. बाळंतिणीच्या खोलीतील अंथरुणाची हीच रचना असते, हे आमच्या वाचकभगिनींच्या ध्यानी आलेच असेल. फ्लीसचा आणखी एक गुण असा, की कापलेल्या कडेचे सूत सुटत नाही. सुती कापडाचे सुटलेले धागे जनावराच्या पायाभोवती आवळतात, ते भय येथे राहत नाही. तथापि जनावर कापड कुरतडून गिळू लागल्यास ते काढून घ्यावे.

लेंड्या वरच राहतात, आणि त्या दिवसास शंभराहून अधिक पडतात. त्या सकाळ-संध्याकाळ लहान केरसुणीने सुपलीत भराव्यात. हे काम पुतण्याचे. तो त्यांस तुळशीवृंदावनापलीकडच्या गुलाबांच्या आळ्यात टाकतो व गुलाबांचे श्रेय स्वतः घेतो. गिनीपिग खाता खाता मूत्र करतो, त्यामुळे गवताखालचा कोपराच सर्वांत आधी भिजतो. तेथे एक पसरट पाटी ठेवून तिच्यात रद्दीचे कागद व वर वाळले गवत घालावे आणि तेवढे मात्र रोज बदलावे. या एका युक्तीने आमचे निम्मे धुणे कमी झाले. बाकी फ्लीस व पंचे तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात त्याहूनही लवकर बदलतो. यासाठी तीन संच हवेत : एक अंगाखाली, एक दोरीवर, एक घडीत. पिंजराही ऐसपैस असावा. दोन जनावरांस निदान साडेसात चौरस फूट जागा लागते, आणि तळ तारेच्या जाळीचा नसावा, कारण तिने तळव्यांस जखमा होतात.

धुण्याचा प्रश्न एकत्र कुटुंबात नाजूक असतो. हे कपडे सोवळ्याच्या वा घरच्या धुण्यात जाणार नाहीत, ही मातोश्रींची अट होती व ती आरोग्यदृष्ट्याही योग्यच आहे. आधी अंगणात झटकून केस व गवत काढावे. धुण्याचे यंत्र असल्यास ते उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून घालावे, म्हणजे केस यंत्रात अडकणार नाहीत. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालावे. गिनीपिगच्या मूत्रात चुन्याचा अंश असल्याने पांढरी पुटे चढतात, ती आम्लाने विरघळतात. पाटीवरची पुटे लिंबाच्या फोडीनेही निघतात. कपडे मऊ व सुवासिक करणारी द्रव्ये अजिबात वापरू नयेत, त्यांचा लेप बसून फ्लीस पुन्हा रेनकोट बनते. आणि ब्लीचिंग पावडर मूत्राने भिजलेल्या कपड्यांवर किंवा व्हिनेगरबरोबर कधीही घालू नये. त्यातून निघणारे वायू माणसाच्याही फुप्फुसांस घातक आहेत.

इतके करूनही दर्प राहिला तर दोष अंथरुणात नसून प्राण्यात असू शकतो. पाठीच्या शेवटी एक तेलकट ग्रंथी असते, ती चिकटली असता खोबरेल तेलाने हलके पुसावी. मूत्र रेतीसारखे खरखरीत वा तांबडे दिसल्यास पशुवैद्यांस दाखवावे. लसूणघासात चुना अधिक, म्हणून मोठ्या जनावरास तो रोज घालू नये.

मुदत संपली त्या पहाटे मातोश्री काठी टेकीत पिंजऱ्यापाशी आल्या. त्यांस खाली वाकविण्यास दोघांनी आधार दिला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिला एकटीला करमत नसेल रे." दसऱ्यास बर्फीला सोबतीण आली. तिचे नाव मातोश्रींनीच ठेवले, करंजी.

उन्हाळ्याचा अनुभव मात्र निराळा. वैशाखात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, आणि हा थंड पर्वतावरचा प्राणी तिसाच्या वरच कासावीस होतो. तेव्हा फ्लीस काढून नुसते सुती पंचे घातले, बसावयास शहाबादी फरशीचा तुकडा व गार कवेलू ठेवले, आणि पिंजरा माजघरात हलविला. कूलर थेट तोंडावर सोडला असता पंचे दमट राहून पुन्हा दर्प येऊ लागला, म्हणून तो भिंतीकडे वळवावा लागला. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस झाल्यावर फ्लीस पुन्हा पिंजऱ्यात आले. दोरीवर दुसरा संच वाळत आहे, आणि तिसऱ्याची घडी मातोश्रींच्या खाटेखालच्या पेटीत आहे.